विहिरीची जागा

परतवाड्याजवळचं कोरकूंचं गाव उठवून गोऱ्या साहेबानं ती जमीन शेषरावाला दिली. संत्र्याची झाडं माना टाकायला लागली, तसं विहिरीची जागा दाखवायला त्यानं त्याच गावच्या भूमक्याला, कोरकूंच्या म्हाताऱ्या पुजाऱ्याला, बोलावलं.

भूमक्यानं भेगाळल्या जमिनीला कान लावला. "इथं खोदू नका, मालक. आमचे जुने लोक दळून राहिले."

शेषराव हसला. मग गुडघे टेकून त्यानंही कान लावला.

खाली जातं फिरत होतं. संथ, जड घरघर, पहाटे घरात ऐकू येते तशीच.

त्यानं झटकन कान उचलला. तरी तो दरडावून म्हणाला, "उद्याच कुदळ मारतो. पायतो कोन हाये थे."

घरघर थांबली.

भूमका मागं सरकला. "बोलू नका, मालक," तो कुजबुजला. "आता थे आयकून राहिले."