तिसरा दात

मुलांच्या खोलीतून ऋजुता धावतच बाहेर आली. मुठीत कागदाची पुडी होती.

"आई, दात पडला! बाबांनी धुऊन दिला."

कौटुंबिक न्यायालयातल्या या खोलीत बापलेकीची भेट व्हायची, महिन्यातून दोन शनिवार, दोन-दोन तास. त्याने मुलीला घरी न्यायचं नाही, ही अट मीच भांडून घालून घेतली होती. नेली आणि परत आणलीच नाही तर?

"दे, कुंडीत पुरू," मी म्हणाले.

तिने हात मागे घेतला. "बाबांकडच्या तुळशीत पुरायचा. आधीचे दोन तिथेच आहेत."

खरं होतं. नवा दात लवकर यावा म्हणून ते मीच पुरले होते, तिथे राहत असताना.

"माझ्याकडे दे, मी पुरतो," तिच्या मागोमाग बाहेर आलेला तो म्हणाला.

"नाही. मीच पुरणार."

त्यावर तो खाली वाकून तिच्या बुटाची नाडी बांधत राहिला. भांडला असता तर मला सोपं गेलं असतं.

मी चिडूनच वकीलबाईंना फोन लावला. "ती घरी न न्यायची अट काढायची आहे. अर्ज करा."

"अहो, तीच तर आपण मिळवली ना?"

"हो. तरीही करा."

"म्हणजे मी जायचं?" ऋजुताने विचारलं.

"कोर्टाने हो म्हटलं की."

तिने थोडा विचार केला आणि पुडी माझ्या हातात ठेवली.

"तोपर्यंत तू सांभाळ. पण परत द्यायचा हं, आई."