दक्षिणेकडे तोंड

हातात मेणबत्त्या धरलेली सोनेरी कांस्यपरी आज पुन्हा दक्षिणेकडे तोंड करून उभी होती. माणूस गेल्यावर दिवा ठेवतात, तशी. शर्वरीने संगमरवरी बैठकीसकट तिला शेजारच्या परीसारखं पूर्वेला वळवलं आणि कामवालीला दटावलं.

"वहिनी, त्या पऱ्यांना मी हातही लावत नाही."

शर्वरीने स्वयंपाकघरात जाऊन ती फ्रेंच जोडी विकणाऱ्या बाईंना फोन लावला.

"एक वळलीय की दोघी?" बाईंनी आधी हेच विचारलं.

"एक. का हो?"

"एक वळली तेव्हा आमचे सासरे गेले. आमच्याआधीच्या मालकांकडेही तसंच झालं." बाईंचा आवाज खाली आला. "दोघी वळल्या, तेव्हा माझे मिस्टर आणि मुलगा एकाच गाडीत होते."

हॉलमधून नवऱ्याने हाक मारली, "शर्वरी, दोघींना दक्षिणेकडे कशाला गं वळवलंस?"