लयीची फाईल

"काका, अडलंय," टेक्निशियन केतकी स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाली. "चालण्याच्या पॅकेजला लयीची नवी फाईल लागते. तुमच्या मेंदूत त्याच नावाची जुनी आहे, तबल्याच्या पॅकेजची. नवी टाकली की जुनी जाणार."

पक्षाघातानंतर अच्युतरावांनी हट्टाने आधी तबला बसवून घेतला होता. पाय मागे राहिले होते.

"दोन्ही ठेव की," वसुमतीबाई म्हणाल्या. "एकीचं नाव बदल."

"जमतं हो काकू. कंपनीला चालत नाही."

"मग राहू देत पाय. मी आहे ना उचलायला."

अच्युतरावांनी बायकोच्या कमरेच्या पट्ट्याकडे पाहिलं. रोज त्यांना पलंगावरून उचलून तो पार ढिला पडला होता.

"टाक गं नवी," ते केतकीला म्हणाले. "हिच्या कमरेचं पॅकेज अजून कुणी काढलेलं नाही."

संध्याकाळी ते काठीशिवाय चालत तबल्यापाशी गेले आणि मांडी घालून बसले. स्वयंपाकघरात वसुमतीबाईंनी तव्यावर पोळी टाकली. बाहेर तबला चालू असला की सम आल्यावरच पोळी उलटायची, ही त्यांची लग्नापासूनची सवय.

बाहेर हात पडू लागले. डावा, उजवा, डावा, उजवा. स्वच्छ, एकसारखे, रस्त्याने कुणी चालत जावं तसे.

वसुमतीबाई उलथनं धरून समेची वाट पाहत राहिल्या.

पोळी करपल्याचा वास सुटला, तेव्हा अच्युतराव उठले, स्वतःच्या पायांनी चालत आत आले आणि त्यांनी गॅस बंद केला.