गार हलगीचे अठरा हजार ठोके

“शेकोटी? स्टुडिओत?” कैवल्य सर एवढ्या जोरात ओरडले, की बाहेरचा शिपाई आत डोकावला.

“आत कशाला, बाहेर पाचोळा पेटवतो की,” बलभीम म्हणाला. “तापवल्याबिगर हलगी बोलत न्हाय, सायेब. घडीघडीला शेकावीच लागती.”

सर पुण्याहून धाराशिवला आले होते. हलगीचा एकेक ठोका रेकॉर्ड करायचा, त्याला नाव द्यायचं आणि कॉम्प्युटरला हलगी ओळखायला शिकवायचं. केवढं थोर काम! त्यात वादक सारखा उठून जाळाकडं पळाला, तर आवाज एकसारखे कसे येणार?

“आहे तशीच वाजवा, काका. तुमचं वादन शंभर वर्षं टिकणार आहे.”

शंभर वर्षं! बलभीम तिथंच विरघळला. चाळीस वर्षं वाजवून त्याचं नाव लोहारा तालुक्याबाहेर गेलं नव्हतं. पोरगा मोबाईलच्या दुकानात. हलगीला हात लावत नव्हता. आपल्यामागं आपलं नाव कुणी घेणार न्हाय, हे त्याला लई लागायचं. त्यानं गार हलगी उचलली. ओल्या गोधडीवर काठी मारल्यागत आवाज निघाला. त्यानं तोंड वाकडं केलं आणि तीन दिवस तसंच वाजवलं.

मग पुण्यात दोन विद्वान लेबलं लावायला बसले. दोघांनीही हलगी पहिल्यांदाच ऐकली होती, त्यामुळं मतभेद झाले नाहीत. अठरा हजार ठोक्यांना नावं मिळाली. खोलीचं तापमानसुद्धा दशांशापर्यंत नोंदलं गेलं. त्या ढब आवाजाला ‘मराठवाड्याचा पारंपरिक खर्ज’ म्हणायचं ठरलं. इकडं बलभीमनं गावभर सांगून टाकलं, आपलं नाव आता शंभर वर्षं!

हलगी ओळखणाऱ्या त्या कॉम्प्युटरच्या उद्घाटनाला बलभीम कडक शेकलेली हलगी घेऊन आला. सोबत जीपभर गावकरी. पहिलाच ठोका असा कडाडला, की मागं शिट्ट्या सुरू झाल्या. तेवढ्यात पडद्यावर अक्षरं उमटली: ‘ही हलगी नाही.’

“काका, जरा गार होऊ द्या,” सर कुजबुजले. मग त्यांनी नमुना म्हणून बलभीमचंच रेकॉर्डिंग लावलं. ढब. ढब. ढब. पडद्यावर आलं: ‘अस्सल हलगी, अठ्ठ्याण्णव टक्के.’ पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. गावकरी खाली बघू लागले. बलभीमला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कार्यक्रम संपताच त्यानं सरांना गाठलं.

“पाया पडतो, सायेब. त्या ढबढबीवरनं माझं नाव काढा. शंभर वर्षं लोक शिव्या घालत्याल!”

सर प्रेमानं हसले. “नाव आहेच कुठं, काका? नियमच आहे आमचा, वादकाचं नाव टाकायचं नाही. तुम्ही नुसते वादक क्रमांक चार.”

बलभीमनं तुळजापूरच्या दिशेनं हात जोडले.

“वाचलो! आई भवानीनं अब्रू राखली.”