परकं छप्पर

बुखारेस्टमधली आमची गल्ली सरकारने पाडली आणि आम्हा सगळ्यांना आठ मजली इमारतींत कोंबलं. पोम्पिलिउकाकांनी आपली पांढऱ्या शेपटीची काळी कबुतरं, नव्या घराची सवय व्हावी म्हणून, नव्या बाल्कनीत जाळी लावून वर्षभर कोंडून ठेवली. त्यांच्या आजोबांपासून घरात एकच नियम होता: जे कबूतर परक्या छपरावर उतरेल, त्याची जोडी लावायची नाही. तीन पिढ्या अशी निवडून वाढवलेली ती जात. वर्षाने जाळी उघडली, तसा सगळा थवा थेट जुन्या जागी गेला. तिथे आता कम्युनिस्ट पक्षाचं नवंकोरं कार्यालय उभं होतं.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी तिथल्या साहेबांनी काकांना बोलावून घेतलं.

"काका, तुमची कबुतरं आमच्या छपरावर काय करतायत?"

"त्यांनाही हाच प्रश्न पडलाय, साहेब. आमच्या छपराखाली ही माणसं काय करतायत?"

"जास्त बोलू नका! उद्या पाहुणे यायच्या आत वर जाऊन पकडा. एक जरी दिसलं, तरी तुमची रवानगी तुरुंगात."

दुसऱ्या दिवशी सकाळीच काका झाकणाची मोठी टोपली घेऊन हजर झाले. शहाणपण सुचलं म्हाताऱ्याला, असं म्हणत शिपायाने गच्चीचं दार उघडून दिलं.


वर जाऊन काकांनी टोपलीचं झाकण काढलं आणि बाल्कनीत जन्मलेल्या, नुकतेच पंख फुटलेल्या बारा पिल्लांना म्हणाले, "बघून घ्या रे पोरांनो, हे आपलं घर!"