कावळा शिवेना

नदीकाठी भाताचा पिंड. बाभळीवर गप्प बसलेले कावळे. उत्तरेश्वरच्या गळ्यात तुळशीची माळ.

आज त्याच्या लेकीचा, शिवकन्येचा दहावा. तास झाला तरी एकही कावळा पिंडाला शिवेना.

"पोरीची काय तरी इच्छा ऱ्हायली आसंल. आठव की, उत्तरेश्वर," चुलता म्हणाला.

जानकीबाई नवऱ्याकडं न बघता बोलली, "लई दिवस अंडं मागत होती. तुमीच म्हणलात, माळकऱ्याच्या घरात शिजणार न्हाई."

उत्तरेश्वरनं माळ काढून नदीत सोडली. गाड्यावरून उकडलेलं अंडं आणून पिंडावर ठेवलं. "घे, बाय."

कावळा लगेच शिवला. सगळ्यांना हायसं वाटलं.



क्षयाच्या गोळ्यांबरोबर तिला रोज दोन अंडी द्या, असं डॉक्टरांनी दिवाळीतच सांगितलं होतं.