दोन गाड्या

ईदच्या सुट्टीत याकूब आणि शाहबाज हे दोघे भाऊ आपापल्या गाडीत बायका-मुलांना घेऊन शारजाहून अल ऐनला निघाले. रत्नागिरीहून त्यांच्याकडे आलेली त्यांची म्हातारी आई हव्वाबीही सोबत होती.

वाटेत उंटांचा कळप रस्त्यावर आला, तसे सगळे खाली उतरले. पोरं फोटो काढू लागली. हव्वाबी एका पिल्लाला खजूर भरवत भरवत वाळूच्या टेकाडापलीकडे गेली.

"यल्ला, चला लवकर, ऊन चढतंय," म्हणत याकूबने गाडी काढली. मागोमाग शाहबाजही निघाला.

बरंच अंतर गेल्यावर शाहबाजच्या मुलीने, दुआने, मागच्या सीटवरून विचारलं, "पप्पा, व्हेअर इज दादी?"

शाहबाजने भावाला फोन लावला.

"भाई, अम्मी तुझ्या गाडीत आहे ना?"

"नाही रे. मला वाटलं, तुझ्या गाडीत बसली."

बाहेर रस्ता तापून पाण्यासारखा चकाकत होता. शाहबाजने एसी थोडा वाढवला.

"मग तू वळ ना मागे," याकूब म्हणाला. "मी हॉटेलजवळ पोचलोसुद्धा."



"मी नाही हं, भाई," शाहबाज वैतागला. "मागच्या वेळी मीच गेलो होतो."